जीआयएस शिकताना या चुका टाळा: लेअर भलतीकडे गेला तर आधी आकडे बघा

जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं, आणि लेअर म्हणजे त्यातला माहितीचा एक थर. नवशिक्यांचा निम्मा वेळ सीआरएस, म्हणजे जागा आकड्यांत सांगणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या घोळात जातो, आणि तरी तोच धडा सगळे गाळून पुढे पळतात. क्यूजीआयएस या जीआयएस प्रोग्राममधलं 'सेट लेअर सीआरएस' फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. 'रिप्रोजेक्ट लेअर' आकडे नव्याने काढून वेगळा लेअर देतं.

नेहमी घडतं ते असं. बिंदू रेखांश २५, अक्षांश ६० च्या आसपासचे, पद्धत ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतली (ईपीएसजी हे अशा पद्धतींचे ठरलेले क्रमांक). अंतर मीटरमध्ये हवं म्हणून कुणीतरी 'सेट'मधून ३२६३५, म्हणजे यूटीएम ३५ उत्तर ही मीटरमधली पद्धत निवडतं. आता २५ आणि ६० हे मीटर झाले. या पद्धतीत २७ अंश पूर्व या मध्य रेखावृत्ताला ५,००,००० मीटर धरतात. म्हणजे २५ हा आकडा तिथून जवळपास ५०० किलोमीटर पश्चिमेला, आणि ६० म्हणजे विषुववृत्तापासून जेमतेम ६० मीटर. फिनलंडच्या आखातातले बिंदू थेट काँगोत, तेही एका ठिपक्यात गोळा! मग लेअर हाताने ओढून जागेवर बसवायचा प्रयत्न सुरू होतो. हे कधीही करू नका. लेबल पुन्हा ४३२६ करा आणि मग रिप्रोजेक्ट करा.

फाइल उघडली की प्रॉपर्टीजमधल्या 'इन्फर्मेशन'मध्ये एक्स्टेंट, म्हणजे लेअरच्या चारही कडांचे आकडे, बघायची सवय लावा. १८० आणि ९० च्या आतले दशांश आकडे दिसले तर बहुधा अंश, सहा-सात आकडी संख्या दिसल्या तर बहुधा मीटर. प्रोजेक्टचा सीआरएस बदलल्याने लेअरमधले आकडे बदलत नाहीत, हेही इथेच कळतं.

याच घाईतली दुसरी चूक बफरची, म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढण्याची. ४३२६ मधल्या लेअरला ५०० लिहिलं की ते ५०० अंश होतात आणि अख्खी पृथ्वी झाकली जाते. त्यावर ०.००५ टाकण्याची पळवाट तर आणखी वाईट: ६० अक्षांशावर ते उत्तर-दक्षिण साधारण ५५७ मीटर, पूर्व-पश्चिम २७९. चुकीचं उत्तर, पण दिसायला बरोबर.

क्षेत्रफळ ३८५७ या वेब नकाशांच्या पद्धतीत मोजू नका, ६० अक्षांशावर ते सुमारे चौपट येतं.

सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीत, एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश.

शेपफाइल हा लेअर साठवायचा प्रकार अनेक फाइलींचा असतो, म्हणून पाठवताना एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे चारही द्या. स्तंभांची नावं ती १० अक्षरांवर कापते, म्हणून एकाच फाइलीत लेअर साठवणारं जिओपॅकेजच बरं.

जॉइन, म्हणजे कोड जुळवून तक्ता लेअरला जोडणं, रिकामा आला तर कोड तपासा: स्प्रेडशीटने ००७ चं ७ केलेलं असतं. तो स्तंभ सुरुवातीपासून टेक्स्ट ठेवा.