जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचा फ्लोअर आणि चेसिस घरी करताय? आधी या चुका टाळा

"फ्लोअर सडलाय ना, मग तेवढा पत्रा कापून नवीन मारू, दोन-तीन रविवारचं काम" असं म्हणून कटर हातात घेतला जातो आणि मग ती व्हॅन वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहते, हे इतक्या ठिकाणी बघितलंय की शेवटी म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढावं. लिहितोय फोक्सवॅगन टाइप २ बद्दल, म्हणजे आपण जिला कोंबी किंवा मायक्रोबस म्हणतो ती, आणि त्यातही मोठ्या अखंड काचेची, जी ऑगस्ट १९६७ पासून जर्मनीत बनायला लागली आणि तिथे १९७९ पर्यंत बनत राहिली. सत्तरच्या दशकात युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे रस्त्याने थेट गोव्यापर्यंत येणारे बरेच हिप्पी लोक याच गाड्यांतून यायचे, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर ही गाडी अगदी परकी नाही. पण आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस जुन्या पत्र्याला अजिबात मानवत नाही. ओम्नीवाल्यांनीही वाचा, पत्र्याच्या बहुतेक गोष्टी तिलाही लागू होतात.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फोक्सवॅगनच्याच बीटल कारला खाली वेगळा फ्लोअरपॅन असतो आणि वरची बॉडी त्यावर बोल्टने बसते. या व्हॅनचं तसं नाही. हिला दोन लांब रेल, आडवे क्रॉसमेंबर, रेलपासून बाजूच्या सिलपर्यंत (दरवाजांखालची लांब पोकळ पट्टी) जाणारे आउटरिगर आणि फ्लोअरच्या पोटाला लागलेले टोपीच्या आकाराचे टॉप हॅट चॅनल हे सगळं फ्लोअरला आणि बॉडीला वेल्ड केलेलं असतं. म्हणजे फ्लोअर, सिल आणि चेसिस मिळून एकच वस्तू आहे, त्यातला एक भाग कापला की बाकीच्यांवर लोड जातो आणि गाडी हलते. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका हे न कळल्यामुळेच होतात.

सपोर्ट न लावता कापणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सिल सडलेला दिसतो, जोशात आख्खा सिल कापून टाकतात, तिथलेच दोन आउटरिगरही उडवतात, गाडी मात्र जॅकिंग पॉइंटवर उभी! जॅकिंग पॉइंट त्या आउटरिगरलाच असतात, जे तुम्ही कापताय, तर गाडी टेकणार कशावर? स्टँड लावायचे ते पुढे अ‍ॅक्सल बीमखाली आणि मागे टॉर्शन बारच्या ट्यूबखाली (मागच्या सस्पेन्शनचा आडवा जाड पाइप), म्हणजे गाडीचं वजन जिथून चाकांवर जातं तिथेच. आणि चारही स्टँडची लेव्हल पाण्याच्या नळीने बघून घ्यायची, अंगण डोळ्याला सपाट वाटतं पण बहुतेक वेळा नसतं.

मग २५ बाय २५ एमएमचा चौकोनी पाइप घेऊन दरवाजांच्या उघड्या जागांत आडवा आणि तिरका टॅक करून टाका, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी धरून ठेवा. स्लायडिंग डोअरची जागा सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमजोर, तिथे कंजूषी करू नका. पाइप लावायच्या आधी दरवाजे बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजा, मास्किंग टेपवर तिथल्या तिथे आकडे लिहा आणि फोटो काढा. खालून दोन तिरकी मापंसुद्धा घ्या, पुढच्या बीमच्या डाव्या माउंटिंगपासून मागच्या उजव्या टॉर्शन हाउसिंगपर्यंत आणि मग त्याच्या उलट. ही दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. कामाच्या प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजायचं, दोन-तीन एमएमच्या वर फरक आला तर तिथेच थांबायचं, "नंतर ओढून घेऊ" असलं काही नंतर होत नाही.

आणि एका वेळी एकच बाजू, कितीही घाई असली तरी. एका बाजूचे आउटरिगर, आतला सिल, मग फ्लोअर, मधला सिल असं करत बाहेरचा सिल सगळ्यात शेवटी. बाहेरचा सिल आधी मारला की गाडी बाहेरून छान दिसते, पण आतल्या जोडापर्यंत हात पोचायची जागाच उरत नाही.

गंज किती आहे ते न बघताच पत्रा आणणं

वरून जेवढा गंज दिसतो त्याच्या तीन-चार पट आत असतो, हे धरूनच चाला. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने फ्लोअर, रेल, आउटरिगर सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा टण्णकन वाजतो, सडलेला थप्प आवाज देतो, जिथे थप्प वाजेल तिथे टोक दाबून बघा, आरपार जात असेल तर ती जागा खडूने मार्क करा. सोबत लोहचुंबक ठेवा. चुंबक चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरलेलं असणार. या गाड्या पन्नास वर्षांत किती हातांखालून गेल्यात कोण जाणे, त्यामुळे सिल उघडला की पत्र्यावर पत्रा, त्यावर पॉप रिव्हेट मारलेला अजून एक पत्रा, मध्ये डांबर आणि त्या सगळ्याच्या आत भुगा झालेला मूळ सिल, असं दृश्य हमखास दिसतं.

खास बघायच्या जागा म्हणजे पुढच्या केबिनच्या पायऱ्या, पुढच्या चाकांच्या कमानी, स्लायडिंग डोअरचा खालचा ट्रॅक, सगळे आउटरिगर आणि इंजिन बेमधले बॅटरी ट्रे. बॅटरी ट्रेखाली अ‍ॅसिड सांडून सांडून पत्र्याची चाळण झालेली असते. तिथे कापताना फार जपून, कारण या मॉडेलमध्ये पत्र्यात ठोकलेला चेसिस नंबर इंजिन बेमध्येच उजव्या बाजूला असतो. तो तुकडा कापला किंवा ग्राइंडरने घासला गेला तर पुढे आरटीओत जी भानगड होईल ती कुठल्याही गंजापेक्षा वाईट.

पाणी कुठून येतंय ते न शोधणं

याच्यावर कुणी बोलतच नाही. फ्लोअर सडला तो बहुतेक वेळा फक्त खालून आलेल्या पाण्याने नाही, वरून आलेलं पाणी रबर मॅटखाली किंवा प्लायखाली वर्षानुवर्षं साचून राहतं म्हणून. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, त्यातून पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाशी जमतं. छताच्या पन्हळीचा सीलंट फुटलेला असतो. स्लायडिंग डोअरचं रबर चपटं झालेलं असतं. म्हणून पत्र्याला हात लावायच्या आधी सगळी मॅट, फेल्ट, प्लाय बाहेर काढा, एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपने खालून वर असं हळूहळू पाणी मारत जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. गळती सापडली की टेप लावून खूण करा. नाहीतर नवीन फ्लोअरही दोन-तीन पावसाळ्यांत तसाच होणार.

चुकीचा पत्रा, सपाट पत्रा

हार्डवेअरवाला जो देईल तो पत्रा आणू नका. फ्लोअरला सीआरसी (कोल्ड रोल्ड) शीट, २० किंवा १८ गेज, म्हणजे साधारण ०.९ ते १.२ एमएम, आणि आउटरिगर-क्रॉसमेंबर अशा लोड घेणाऱ्या भागांना १.६ एमएमपर्यंत जाऊ शकता. मूळ पत्र्याची जाडी चांगल्या जागी व्हर्नियरने मोजा आणि त्याच्या जवळपास राहा. काही जण "एकदाच मजबूत करू" म्हणून ३ एमएमची प्लेट मारतात, पण मग शेजारचा जुना पातळ पत्रा वेल्डच्या कडेला फाटतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, स्वस्त आणि गंजत नाही म्हणून घेतात, पण त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डही स्वच्छ येत नाही. वापरायचाच असेल तर जोडाच्या कडेचं जस्त आधी पूर्ण घासून काढा आणि मास्क लावा.

मूळ फ्लोअरला उठावाच्या रेषा असतात, म्हणजे बीड. त्या शोभेच्या नाहीत, पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो. सपाट पत्रा मारलेली व्हॅन चालवली की फ्लोअर पिंपासारखा वाजत राहतो. बाहेरून तयार पॅनल मागवता येत असतील तर फ्लोअर आणि सिल तरी मागवाच. ते जमणार नसेल तर पुठ्ठ्याचा अचूक साचा कापून बेंडिंगवाल्याकडे जा आणि बीड मारून घ्या, तसं करणारे कारागीर पुण्या-मुंबईत अजून आहेत, फक्त साचा तुमचा बरोबर पाहिजे.

वेल्डिंग

सरळ सांगतो, साध्या आर्क वेल्डिंगने, रॉडने, हा फ्लोअर करू नका. एक एमएमच्या जुन्या पत्र्याला रॉड लावला की भोक पडतं, भोक बुजवायला गेलं की ते मोठं होतं. मिग घ्या, ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये सीओटू म्हणतात, वायर ०.८ एमएम किंवा मिळाली तर ०.६. आर्गन-सीओटू मिक्स मिळत असेल तर पातळ पत्र्याला तेच बरं, स्पॅटर (उडणारे ठिणग्यांचे थेंब) कमी येतो आणि आर्क शांत चालतो.

लांब रेघ ओढू नका! एक टॅक इथे, पुढचा एकदम दुसऱ्या टोकाला, मग मध्ये, असं करत टॅक २५-३० एमएमवर आणा, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग मधली गॅप थोडी थोडी भरा. सलग मारलं की पत्रा तापून फुगतो आणि गार झाल्यावर मध्येच टप्प करून वर-खाली होत राहतो, तो मग हातोडीने ठोकून सरळ होत नाही. जोडाच्या मागे तांब्याची पट्टी धरली तर भोकं कमी पडतात. कंपनीने जिथे स्पॉट वेल्ड मारलेत तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ एमएमची भोकं पाडून ती वेल्डने भरा, म्हणजे प्लग वेल्ड करा, कंपनीच्या स्पॉटपेक्षा एक-दोन जास्तच पडू द्या.

वेल्डमध्ये बारीक बारीक छिद्रं येत असतील तर मशीनला दोष देण्याआधी पंखा बंद करा. मे महिन्यात घामाने जीव जातो म्हणून टेबल फॅन चालू ठेवतात आणि तो वारा सगळा गॅस उडवून लावतो. तरीही छिद्रं येत असतील तर पत्रा नीट चकचकीत घासलेला नाही, किंवा मागच्या बाजूला डांबर-रंग शिल्लक आहे. आणि वेल्ड वरून छान पण हातोडीने ठोकल्यावर निघून येतोय, तर करंट कमी पडतोय. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर सेटिंग करा, तुकडा वाइसमध्ये धरून वाकवा, वेल्डच्या बाजूचा पत्रा फाटला पाहिजे, वेल्ड नाही.

आगीचं मात्र अगदी मनापासून सांगतो. या गाडीची पेट्रोल टाकी मागे इंजिन आणि केबिनच्या मध्ये असते आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती काढायला इंजिन उतरवावं लागतं, म्हणून लोक कंटाळा करतात. करू नका, उतरवा. इंजिन उतरवल्याने मागचं वजनही जातं, जे तसंही पाहिजेच असतं. खालून जाणाऱ्या पेट्रोल लाइन, ब्रेक लाइन, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल्स, वायरिंग, सगळं कुठे कसं जातं त्याचे फोटो काढून बाजूला करा, बॅटरी काढा, जुने डांबराचे साउंड पॅड खरवडून टाका. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी आणि आत बघणारा एक माणूस, कारण तुम्ही खाली झोपून वेल्डिंग करताय तेव्हा वर फेल्ट पेटलेलं तुम्हाला दिसत नाही. काम संपल्यावरही किमान अर्धा-पाऊण तास गाडीपाशीच थांबा.

रेड ऑक्साइड आणि डांबर

आपल्याकडची जुनी सवय. वेल्डिंग झालं की रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर काळं डांबर, झालं काम. साधा रेड ऑक्साइड ओल शोषतो आणि गंजावर मारलेलं डांबर ओल आत कोंडून ठेवतं, दोन वर्षांनी डांबराची पापडी उचलली की खाली पत्राच नसतो. उघड्या पत्र्याला एपॉक्सी प्रायमर, मग जोडांना पीयू सीम सीलर, मग खालून स्टोनचिप कोटिंग आणि रंग. एकावर एक चढणाऱ्या कडांना वेल्डिंगच्या आधीच वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, म्हणजे ज्यावरून वेल्ड मारता येतो तो. पावसाळ्यात हे काम काढूच नका, जून ते सप्टेंबर कोकणात घासलेला पत्रा सकाळपर्यंत लाल होतो. दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री गरम नसेल तर प्रायमर धरत नाही. कापाकापी दिवाळीनंतर सुरू करा आणि मेअखेर कोटिंग संपवा.

सिलच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, दुसऱ्या टोकाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. सिलच्या खालची पाणी निघायची भोकं मात्र सीलरने किंवा वॅक्सने बुजू देऊ नका, तारेने मोकळी करून ठेवा. ती बुजली की सिलची टाकी होते.

सगळं झालं आणि दरवाजा लागत नाही

दरवाजाची मागची कड खाली घासत असेल तर बिजागर वाकवायच्या आधी टेपवरच्या जुन्या फटींशी तुलना करा. दोन्ही बाजूंचे दरवाजे घासत असतील तर गाडी मधून बसली आहे. एकच बाजू असेल तर त्या बाजूचा सिल बसवताना दरवाजा लावून बघितला नव्हता. खरं तर सिल टॅक करायच्या आधी दरवाजे लावून, फटी जुळवून, मगच पूर्ण वेल्ड मारायचा असतो. स्लायडिंग डोअर सगळ्यात शेवटी जुळवा, तो तीन ठिकाणी ट्रॅकवर चालतो आणि खालचा ट्रॅक दोन एमएमने जरी वर-खाली झाला तरी अडकतो. टॅकवर असताना हे सगळं दुरुस्त होतं, पूर्ण वेल्ड झाल्यावर परत कापावंच लागतं.

कागदपत्रांचंही बघा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल केलेले चालत नाहीत. म्हणून रेल "सुधारून" जाड चॅनलचे करणं, फ्लोअर खाली घेणं, असले प्रकार करू नका, सडलेला भाग त्याच आकाराचा, त्याच जागी बसवा आणि कापण्याआधीचे, उघड्या वेल्डचे, प्रायमरचे सगळे फोटो तारखेसकट जपून ठेवा. अशी नोंदणी झालेली गाडी रोज रस्त्यावर किंवा धंद्याला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, तेव्हा ती तशी नोंदवायची की नाही ते फ्लोअर कापायच्या आधी ठरवा.