जुन्या नोव्हात रोल बार बसवताना

माझी शेव्हरोले नोव्हा 1970 ची. इथे मिशिगनमध्ये उन्हाळाभर ती रस्त्यावर चालवतो आणि जमेल तेव्हा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, नेतो. कार्ब्युरेटर आणि मागचे गिअर बदलल्यावर तिने पाव मैल 11.38 सेकंदांत कापला, आणि त्याच दिवशी ट्रॅकवरच्या माणसाने बजावलं, रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी पाइपची कमान, नसेल तर पुन्हा रांगेत उभं राहायचं नाही. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमानुसार अशा जुन्या बंद टपाच्या गाडीला 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की रोल बार लागतो. 9.99 सेकंद किंवा ताशी 135 मैल गाठले की पूर्ण केज, म्हणजे चालकाभोवती पाइपांचा अख्खा पिंजरा.

पाइप मी माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादाचा, घेतला, व्यास पावणेदोन इंच, जाडी 0.118 इंच. क्रोमोली हे जास्त मजबूत मिश्र पोलाद 0.083 जाडीचं चालतं, वजनही वाचतं, पण त्याला टिग वेल्डिंगच करावं लागतं, ज्यात भरणीची तार हाताने द्यावी लागते. मला मिग येतं, ज्यात तार यंत्रातून आपोआप येते, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

आधी गाडी आतून रिकामी करा: सीट, कार्पेट, त्याखालचं डांबरी अस्तर. बॅटरी सोडवा. खाली वाकून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते बघा. काचांवर जाड कापड टाका, ठिणगीने काचेवर कायमचे खड्डे पडतात. अग्निशामक घेऊन दुसरा माणूस जवळ हवाच.

मग मापं. इथे मी चुकलो. सीट बाहेर ठेवून मापं घेतली, टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते छोटे ठिपके, मारले, आणि सीट परत ठेवली तर ती मागे सरकेना. क्लचपर्यंत गुडघा नीट वळेना. नुसते टॅक होते म्हणून कापता आले. तुम्ही सीट बोल्टने कसा, हेल्मेट घाला, गाडी चालवता तसे बसा आणि दुसऱ्याला मोजू द्या. मुख्य कमान डोक्यामागे सहा इंचांच्या आत आणि हेल्मेटपेक्षा किमान तीन इंच वर हवी. दाराकडचा पाइप खांदा आणि कोपर यांच्या मधोमध यावा. हार्नेसचा, म्हणजे चालकाचे खांद्यावरचे पट्टे ज्याला बांधतात तो, आडवा पाइप खांद्याच्या वर नको आणि चार इंचांपेक्षा खाली नको. तो फार खाली गेला तर धडकेत पट्टे खांदे खाली ओढतात आणि सगळा भार मणक्यावर येतो.

सगळ्यात अवघड जागा कमानीचा माथा. मागचे तिरके पाइप जिथे तिला मिळतात, तिथे छत इतकं जवळ असतं की वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. काही जण तेवढा भाग तसाच सोडतात. कृपा करून सोडू नका, गाडी उलटली की भार त्याच सांध्यावर येतो. युक्ती अशी: सगळं टॅक करून झालं की प्रत्येक पायाखाली फ्लोअरला भोक पाडा आणि अख्खा सांगाडा खाली उतरवा. मग माथ्याला गोल फिरून वेल्ड करता येतं. नंतर सांगाडा वर उचला, पायांखाली सहा बाय सहा इंचांच्या, अष्टमांश इंच जाडीच्या प्लेटा सरकवा आणि जोडा. नोव्हाला मागे वेगळी चासी नाही, म्हणून प्लेटा लागतातच. वेल्ड दिसायला खडबडीत आला तरी ग्राइंडर लावू नका, नियमात ते बसत नाही.

आता रस्त्याबद्दल. हेल्मेट नसलेलं डोकं स्टीलवर आपटलं तर साधा अपघातही जिवावर उठू शकतो. पाइपवरचं एसएफआय 45.1 (शर्यतीच्या सुरक्षा साहित्याचं मानक) पॅडिंग कडक असतं, ते हेल्मेटसाठी बनवलेलं आहे. मागे बसणाऱ्याचं तोंड तर थेट आडव्या पाइपासमोर येतं. म्हणून मागची सीट मी काढून गॅरेजच्या माळ्यावर ठेवली. लेकीला कुठे न्यायचं असेल तर घरची दुसरी गाडी काढतो.