वेबसाइट उघडत नाही? आधी मोबाइल डेटावर बघा

दिवाळीचं बुकिंग ऐन भरात असताना तारकर्लीतल्या होमस्टेची वेबसाइट बंद दिसली, की जीव टांगणीला लागतो. तरी कंट्रोल पॅनेलमध्ये घाईने काही बदलू नका. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. तिथे उघडली, तर बहुधा चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकल्यामुळे होस्टिंगच्या (साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीच्या) फायरवॉलने तुमच्या घरचा आयपी, म्हणजे घरच्या इंटरनेटचा पत्ता, अडवलाय. तो आयपी होस्टिंगच्या सपोर्टला कळवा.

कुठेच उघडत नसेल, तर डोमेनची (साइटच्या नावाची) मुदत तपासा आणि मग नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हर. लोकांचे दिवसच्या दिवस इथेच जातात, म्हणून नीट सांगतो: डोमेनला दुसऱ्याच कंपनीचे नेमसर्व्हर लावलेले असतील, तर सीपॅनेलच्या (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलच्या) झोन एडिटरमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी बदलायच्या जागी, तुम्ही काहीही बदललंत तरी बाहेर ते कुणालाच दिसत नाही. नेमसर्व्हर जुळत असतील, तरच ए रेकॉर्डमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं त्या नोंदीतला) आयपी सर्व्हरच्या आयपीशी ताडून बघा.

नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा, १४४०० असेल, तर जुना पत्ता ४ तास रेंगाळू शकतो. सर्व्हर हलवायचा असेल, तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवा. आणि नेमसर्व्हर बदलण्याआधी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ती नोंद) नव्या नेमसर्व्हरवरच्या झोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर पाहुण्यांचे मेल यायचे थांबतील.