ताजी भाजी आणूनही जेवण जमत नाही? या चुका टाळा

मोबाइलवर पालक-पनीर बघायचं आणि ऐन मे महिन्यात पालक शोधत सांगलीच्या शिवाजी मंडईत फिरायचं, पहिली चूक इथेच होते. उन्हाळ्यातली जुडी महाग, पिवळट, आणि घरी पोचेपर्यंत माना टाकलेली. शेजारच्या पाटीत मात्र कोवळी गवार, काकडी, कैऱ्या पडून असतात. आधी बाजारात काय ढिगानं आलंय ते बघावं आणि मग पदार्थ ठरवावा. पावसाळ्यात दोडका, पडवळ, कारली. थंडीत पावटा, मटार, मुळा, चाकवत, हरभऱ्याचा पाला. एवढं पाठ नसलं तरी चालतं. जी भाजी प्रत्येक पाटीत दिसते आणि जिचा भाव उतरलाय, ती हंगामातली.

दुसरी चूक मापाची. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, आणि बटाटा त्यात धरत नाही. चार माणसांत पाव किलो वांगी करून ‘आम्ही रोज भाजी खातो’ म्हणायचं असेल तर म्हणा! फोडणीची भाजी दुप्पट करण्यापेक्षा सोबत काकडीची कोशिंबीर, मुळा, नाहीतर मेथीचा घोळाणा घ्या. कच्ची कोवळी मेथी, कांदा, तिखट-मीठ, दाण्याचा कूट आणि चमचाभर तेल. गॅस पेटवावाच लागत नाही.

पालेभाजी खारट होते, कचकच लागते

कढईत ढीगभर दिसणारी मेथी शिजून मूठभर होते. ढीग बघून मीठ घातलं की भाजी खारट होणारच. आधी पाला बसू द्या, मग मीठ घाला. घातलंच जास्त, तर भिजवलेली मूगडाळ शिजवून मिसळा किंवा थोडा कूट पेरा. बटाट्याची फोड टाकून मीठ ‘ओढून’ घेण्याचा उपाय सगळे सांगतात, पण ती फोड थोडं खारट पाणी पिते, इतकंच.

कचकच लागते ती धुण्याच्या पद्धतीमुळे. मोठ्या पातेल्यात पाला बुडवून पाण्यातून वर उचलून घ्या, म्हणजे माती तळाशी राहते. पातेलं चाळणीत उपडं केलं की तीच माती पुन्हा पानांवर येते. आणि धुवायचं ते चिरण्याआधी. चिरून धुतलं तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

चाकवताच्या पातळ भाजीत ताक फुटत असेल, तर ते भाजीला खळखळून उकळ्या फुटत असताना ओतलं जातंय. ताकात आधी बेसन कालवा, आच अगदी मंद करा, मग ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा.

भरल्या वांग्यावर तेलाचा तवंग

कृष्णाकाठची काटेरी देठाची वांगी मिळत असताना ती तेलात बुडवणं मला तरी पाप वाटतं. वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, जेवढं तेल घालाल तेवढं पितो. त्यात आपल्याकडे मसाला दाण्याच्या कुटाचा, आणि दाण्यात वजनानं जवळपास निम्मं तेलच असतं. म्हणजे कढईतलं तेल आणि कुटातलं तेल, दोन्ही धरा. फोडणीला दोन चमचे पुरे. वांगी घातली की ताटली झाका आणि ताटलीत पाणी ठेवा. वाफेवर ती नीट शिजतात, तळाला लागतही नाहीत. रस्सा हवा असेल तर ताटलीतलं तेच गरम पाणी घाला. चिरलेली वांगी काळी पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतात, तेव्हा मसाल्यात मीठ बेतानं. कांदा-लसूण मसाला बहुतेक घरी मीठ घालूनच कुटलेला असतो, हेही नवशिके विसरतात. दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे एक सपाट चमचासुद्धा नाही.

घेवडा शिजतच नाही

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, म्हणजे तिथल्या राजम्याला, भौगोलिक मानांकन आहे, पण कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही दाणा टणक, ही तक्रार नेहमीची. तीन गोष्टी तपासा. घेवडा जुना आहे का? वर्षभर डब्यात, त्यातही उष्ण दमट जागी राहिलेला दाणा कितीही भिजवला तरी लवकर मऊ पडत नाही. पाणी बोअरचं, जड आहे का? त्यातले क्षार साल घट्ट धरून ठेवतात. भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी वापरून बघा. आणि टोमॅटो किंवा चिंच आधीच घातली का? आंबट घटकानं दाणा अडून बसतो, म्हणून आंबट नेहमी शेवटी.

सोडा टाकून काम उरकू नका. दाणा गळतो, चव बुळबुळीत होते आणि ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं. उलट बाजूची चूक जास्त धोक्याची: अर्धकच्चा घेवडा खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, कारण कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा.

फ्रिजबद्दल थोडक्यात: वांगी, काकडी फार थंडीत ठेवू नका, आतून तपकिरी आणि पाणचट होतात. पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

भाकरी चिरते ती बहुतेक वेळा पिठामुळे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, आणि पीठ शिळं झालं की उरलीसुरली विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणाही जातो. माणदेशातली शाळू ज्वारी आणली असेल तर आठ दिवसांपुरतीच दळून आणा. घरात जुनंच पीठ असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून, गरम असतानाच मळून घ्या. भाकरी थापता येते.