सुपरवायझर झालात? मग या चुका टाळा

लाइनवर रिजेक्शन वाढलंय आणि ते तुम्हाला ऑपरेटरकडून नाही, क्वालिटीवाल्यांकडून कळतंय? सुट्टीसाठी माणसं तुम्हाला टाळून परस्पर एचआरला गाठतायत? मग बिघाड मशीनमध्ये शोधू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाईट बातमी आणणाऱ्यावरच डाफरणं. ऑपरेटर सांगतो, "साहेब, बोअर पाच मायक्रॉन वर जातोय," म्हणजे पार्टमधल्या भोकाचं माप वाढतंय. आपण विचारतो, "सेटिंग कुणी केलं होतं?" झालं! पुढचा असा पार्ट ट्रेच्या तळाशी जातो आणि थेट ग्राहकाच्या असेंब्लीत सापडतो. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर दोरी असायची. शंका आली की कामगार ती ओढणार, टीम लीडर धावत येणार, ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबणार. दोरी आपल्याकडेही बांधता येईल हो, पण ओढणारा शिव्या खाणार असेल तर तिला हात कोण लावेल? आधी पार्ट बघा, मशीन थांबवा, "बरं झालं लगेच सांगितलंस" म्हणा. सेटिंग कुणाचं ते नंतर.

दुसरी चूक तोंडी आश्वासनांची. "रविवारी ये, कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) देतो," म्हणायचं आणि महिना उलटला की विसरायचं. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्याने त्याचा हक्क आहे; तो उपकार केल्यासारखा देऊ नका. कॉम्प-ऑफ त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि "या वेळी तुझं अप्रेझल बघतो" हे तर बोलूच नका. ते तुमच्या हातात नाही हे त्यालाही माहीत असतं.

१९७९ मध्ये एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा पत्रकारांना इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन सामोरे गेले. १९८० मध्ये यश आलं तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये हा किस्सा ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला म्हणतो, "रात्रपाळीवाल्यांनी घोळ घातला." हे वाक्य चहाच्या सुट्टीपर्यंत खाली पोचलेलं असतं.

लाडक्या ऑपरेटरला कायम पहिली पाळी देणं, हेही त्यातलंच.

विश्वास आधीच गेला असेल तर भाषण देऊ नका. थकलेल्या कॉम्प-ऑफची यादी काढा. देता येतील त्यांच्या तारखा या आठवड्यात लावा, आणि जे देता येणार नाहीत ते त्या माणसाला त्याच्या मशीनपाशी जाऊन स्वतः सांगा.