ख्रिसमस ट्री की मधुमालती? अंगणात लावताना या चुका टाळा

मृग लागला की नर्सऱ्यांत गर्दी होते आणि माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येतो. "गेटजवळ चार फूट जागा आहे, ख्रिसमस ट्री लावू की मधुमालती?" मी उलट विचारते, वरून विजेची तार जाते का? बहुतेकांनी मान वर करून पाहिलेलंच नसतं.

नर्सरीत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते अरोकेरिया. कुंडीत दोन फुटांचं असताना खेळण्यासारखं दिसतं, मजल्यामजल्याने फांद्या फुटलेल्या. पण त्याचं माहेर प्रशांत महासागरातली न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक ही बेटं, आणि तिथे ते शंभर-दीडशे फूट सहज गाठतं. आपल्याकडेही जुन्या बंगल्यांच्या आवारात गच्चीच्या कितीतरी वर गेलेली अशी झाडं दिसतात. याला चार फुटांत बसवण्याची चूक लगेच कळत नाही, दहा वर्षांनी कळते. तेव्हा ते मनाला येईल तसं पाडताही येत नाही, कारण महाराष्ट्रात शहरी भागातली झाडं 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली येतात आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते. मधुमालती चुकीच्या जागी लावली, तर एका रविवारी कात्री घेऊन निस्तरता येतं. म्हणून चार फुटांसाठी माझं उत्तर वेल. भिंतीपासून पंधरा फूट मोकळी जागा असेल, तरच अरोकेरियाचा विचार करा.

दिसायला सूचिपर्णी म्हणून काहीही आणू नका

कोकणातून येताना "पाईनचं रोप" म्हणून सुरूचं रोप आणणारे मी पाहिलेत. किनाऱ्यावरच्या बनातला सुरू सूचिपर्णी नाहीच. तो फुलणारा वृक्ष आहे, सुईसारखं दिसतं ती त्याची बारीक डहाळी आणि शंकू वाटतो ते फळ. त्याहून महागातली चूक हिमाचलच्या सहलीतून देवदार आणण्याची. देवदार साधारण दीड हजार मीटरच्या वरचा, त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते. आमच्याकडे आलेल्या देवदाराने एक पावसाळा काढला आणि एप्रिलात मान टाकली. पठारावर छोट्या जागेत लावायचीच असेल, तर आपली मोरपंखी बरी. शाळेत पुस्तकात "विद्या" म्हणून पान ठेवायचो, तीच.

शेंडा छाटणं

दोन्हींची तुलना करताना लोक उंची बघतात, फुलं बघतात. कात्रीचं कोणी बघत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मधुमालतीचा बहर नव्या फुटीवर येतो. थंडी सरताना ती कमरेइतकी छाटली तरी उन्हाळ्यात ती जोमाने वर येते. हाच हात मग अरोकेरियावर चालतो, "जरा भरगच्च होईल" म्हणून. तसं होत नाही. शेंडा गेला की त्या झाडाची सरळ वाढ तुटते. खालून कधी एक-दोन नवे शेंडे निघतात, पण झाडाचा मूळ घाट परत येत नाही.

बाजूच्या फांदीची तर आणखी गंमत. मी एकदा तुटलेली फांदी वाया जाऊ नये म्हणून कुंडीत खोचली आणि नशिबाने ती जगली. पण अरोकेरियाची बाजूची फांदी आयुष्यभर बाजूची फांदीच राहते, तिला वर जायचं माहीतच नसतं. दोन वर्षांनी ती कुंडीच्या काठावरून आडवी बाहेर पडून जमिनीशी समांतर वाढत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेलच हवी होती तर वेल लावायचीस." म्हणून रोप घेताना मधला शेंडा शाबूत आणि उभा आहे ना, ते बोट लावून तपासा.

मोरपंखीला कात्री चालते, पण हिरव्या भागापुरती. आतल्या तपकिरी, बिनपानांच्या लाकडापर्यंत छाटलंत, तर तिथे पुन्हा हिरवं फुटत नाही. भोक पडतं ते पडतंच.

झाड कललं म्हणून घाबरणं

अरोकेरिया दक्षिणेकडे कलला की लोक माळ्याला बोलतात, मग बांबू, सुतळी, तार सगळं होतं. आपल्याकडे या नावाने पुष्कळदा विकला जातो तो कुक पाईन, आणि त्याचा स्वभावच कलण्याचा आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांवरची 256 झाडं मोजली, तर ती सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताकडे कललेली निघाली. उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. तेव्हा ताण द्यायच्या तारा सोडून द्या. बुंध्याजवळची माती भेगाळली किंवा उचलली असेल, तर मात्र ते कलणं वेगळं, तिथे माणूस बोलवा.

मोरपंखी तपकिरी पडते

आधी कुठे पडते ते बघा. खोडाजवळची जुनी पानं वाळून गळत असतील, तर काही करू नका, ते होतंच. बाहेरची टोकं धुरकट, राखेरी दिसत असतील, तर एक पांढरा कागद खाली धरा आणि फांदी त्यावर दोनदा आपटा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि चालू लागले, तर लाल कोळी आहे. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. चार-पाच सकाळी पाइपने जोरात, आतपर्यंत पाणी मारा. तेवढ्याने हटला नाही, तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं लिक्विड सोप, आणि फवारणी ऊन उतरल्यावर.

पावसाळ्यात अख्खं झाड फिकट पडलं, तर पाणी वाढवू नका, मुळं कुजत असतात. काळ्या मातीत खड्डा काढून त्यात सुंदर माती भरली की पावसात त्या खड्ड्याची बादली होते. मुरूम मिसळून जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करायचा आणि झाड त्यावर लावायचं.

मधुमालतीबद्दलच्या तक्रारी

"लालची सांगून पांढरी दिली." थांबा, नर्सरीवाल्याशी भांडू नका. हिचं फूल संध्याकाळी उमलतं ते पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल होतं. रात्री पांढऱ्या फुलावर लांब सोंडेचे पतंग येतात.

"फुलंच नाहीत." पाच-सहा तास ऊन आहे का? आणि युरिया टाकला होता का? युरियाने पानं हातभर होतात, फुलं नाहीत. पावसाळ्याआधी शेणखत पुरे.

"खिडकीत शिरली." ही वेल आधाराला विळखा घालते, शिवाय पान गळलं तरी देठाचा बुंधा खोडावर राहतो, वाळून काट्यासारखा टणक होतो आणि त्याचाच ती आकडा करते. एसीचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, ग्रिल, तिला सगळं सारखंच. जाळी भिंतीपासून चार बोटं सोडून ठोका आणि बारीक तारेवर विसंबू नका, ओल्या वेलीचं वजन बरंच भरतं. छाटणीआधी आत हात घालून बघा, बुलबुलाचं घरटं असतं.

राहिली शेवटची चूक, ती माझीच. दोन्ही हवं म्हणून मी मोठ्या कुंडीतल्या मोरपंखीवर शेजारची मधुमालती चढू दिली. एक पावसाळा दृष्ट लागण्यासारखं दिसलं. दिवाळीच्या साफसफाईत वेल उतरवली, तर तिच्याखालची बाजू ऊन न मिळून पार वाळली होती, हात लावला की भुसा झडत होता. मधुमालती मार्चमध्ये पुन्हा फुटली. मोरपंखीची ती बाजू चार वर्षांनी आजही तशीच बोडकी आहे. शेवटी घरातल्या आम्ही दोघांनी मिळून कुंडी फिरवली आणि ती बाजू भिंतीकडे केली.