फायरफॉक्सची दोन्ही प्रोफाइल एकाच डेस्कटॉपवर उघडतात? (केडीई प्लाझ्मा, म्हणजे लिनक्सवरचे डेस्कटॉप)

लक्षण: 'ऑफिस' प्रोफाइल डेस्कटॉप २ वर उघडावे म्हणून विंडो रूल (कोणती विंडो कुठे, कशी उघडावी हे ठरवणारा नियम) केला, तर 'घर' प्रोफाइलही तिथेच जाते.

शीर्षकावरून जुळवणी केली, पण टॅब बदलला की शीर्षक बदलते. फायरफॉक्स सुरू करतानाच्या 'नो-रिमोट' पर्यायानेही फरक नाही. दोन संध्याकाळी वाया.

कारण साधे आहे: दोन्ही प्रोफाइलच्या विंडोंचा क्लास (विंडो कोणत्या प्रोग्रामची हे सिस्टिमला सांगणारे नाव) एकच, त्यामुळे रूलला फरक कळणारच नाही.

आधी ऑफिस प्रोफाइलच्या सगळ्या विंडो बंद करा. एक जरी चालू राहिली, तरी नवी विंडो तिचाच जुना क्लास घेते (इथेच बहुतेक जण अडकतात). मेनू एडिटरमध्ये फायरफॉक्सच्या नोंदीची प्रत करा. तिच्या आर्ग्युमेंटमध्ये (कमांडपुढे लिहायच्या पर्यायांत) लिहा: उणेचिन्ह-कॅपिटल पी आणि प्रोफाइलचे नाव, मग दोन उणेचिन्हांसह 'क्लास' आणि 'नेम' हे पर्याय; दोघांना एकच नवे नाव द्या. एक्स ११ आणि वेलँड या विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या दोन प्रणाली; एक्स ११ वर क्लास लागतो, वेलँडवर नेम.

या नोंदीवरून प्रोफाइल उघडा. सिस्टिम सेटिंग्जमधल्या विंडो रूल्समध्ये नवा रूल करून 'डिटेक्ट' ने ती विंडो निवडा, क्लास 'एक्झॅक्ट मॅच' ठेवा. व्हर्च्युअल डेस्कटॉप २ ला 'अप्लाय इनिशियली' द्या. 'फोर्स' दिलेत तर विंडो नंतर दुसऱ्या डेस्कटॉपवर हलवता येत नाही.